बर्लला पुन्हा खाणीत कुणी उतरवलं

ड्रीमा स्टिल्टनर आमच्या खोऱ्यात एकतीस वर्षं शाळेची बस चालवते आहे. गावातल्या चाळिशीच्या आतल्या जवळजवळ प्रत्येकाला तिनं कधी ना कधी मस्तीबद्दल बसमधून उतरवून उरलेला रस्ता पायी चालायला लावलंय. नियमात हे बसत नाही, पण कुणाच्या आईनं तक्रार केल्याचं मला आठवत नाही. ती ठेंगणी आहे, खांद्यानं रुंद. राग आला की तिचा आवाज चढत नाही, खाली जातो. मागच्या बाकावरच्या पोरांना तिचं बोलणं ऐकू येईनासं झालं की ती आपोआप गप्प बसायची. मीही त्यातलीच एक.

पुढे मी गावच्या वाचनालयात नोकरीला लागले. तिथे लोकांसाठी चार संगणक आहेत. सकाळची फेरी संपवून दुपारची सुरू होईपर्यंत ड्रीमा कधी कधी तिथे येऊन बसायची, त्यामुळे हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं.

तिचा नवरा बर्ल बावीस वर्षं खाणीत होता. कोळशाच्या धुळीनं फुफ्फुसं काळी पडली आणि शेवटची बारा वर्षं त्यानं नाकात नळी घालून खिडकीजवळच्या खुर्चीत काढली. नोव्हेंबरच्या नऊ तारखेला तो गेला. दफनाच्या वेळी टॅलमेज हॅगरनं खर्जात भजन म्हटलं. आमच्याकडे कुणीही गेलं की टॅलमेजच गायचा. त्याचा आवाज असा होता की ऐकणाऱ्याच्या छातीत घुमायचा. चर्चमध्ये तो डीकन होता, म्हणजे पाद्रीबाबांचा मदतनीस, म्हणून सगळे त्याला टॅलमेजभाऊ म्हणायचे. जानेवारी ते एप्रिल बंद पडलेल्या चपलांच्या दुकानात टेबल टाकून तो लोकांचे कराचे रिटर्न भरून द्यायचा. पंचवीस वर्षांत निम्म्या खोऱ्याचे कागद त्याच्या हाताखालून गेले असतील. स्टिल्टनरांचेही गेले होते, बर्ल खाणीत होता तोवर. नंतर ड्रीमा स्वतःच भरायला लागली.

फेब्रुवारीत ती माझ्याकडे आली. बर्लच्या नावाचं हे शेवटचं रिटर्न, दोघांचं मिळून. तासभर बसून तिनं सगळे आकडे भरले, दोन बोटांनी टाइप करत, आणि पाठवलं. थोड्या वेळात ते परत आलं.

"अगं पोरी, हे बघ काय म्हणतंय," तिनं मला हाक मारली. "आधीच भरलंय म्हणे."

मी वाचलं. तिचा आणि बर्लचा सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे सरकारी ओळख क्रमांक, वापरून त्या वर्षाचं रिटर्न आधीच दाखल झालं होतं.

"तुम्ही चुकून दोनदा बटण दाबलं का?"

"मी बर्फातून पन्नास पोरं डोंगरावरनं खाली आणते. मला बटण दाबता येतं."

चूक तिची नव्हतीच. कुणीतरी तिच्या आणि तिच्या मेलेल्या नवऱ्याच्या नावानं रिटर्न भरून रिफंड उचलला होता. मग सुरू झालं ते कागदांचं काम: ओळख चोरीला गेल्याचं प्रतिज्ञापत्र, लायसन्सची प्रत, बर्लचा मृत्यूचा दाखला. तिचं खरं रिटर्न पोस्टानं गेलं. उन्हाळ्यात कर खात्याचं पत्र आलं की चौकशी चालू आहे, आणि पुढच्या जानेवारीपासून तिला दर वर्षी एक सहा आकडी नंबर मिळेल. तो नंबर दरसाल नवा असतो. रिटर्नवर तो बरोबर लिहिला नसेल तर संगणक ते दारातूनच परत पाठवतो, मग भरणाऱ्याकडे बाकी सगळी माहिती असली तरीही. पत्राच्या शेवटी लिहिलं होतं की असा नंबर ज्याचं काही चोरीला गेलं नाही तोही मागू शकतो. त्या ओळीकडे आम्ही दोघींनी तेव्हा नीट पाहिलं नाही.

ड्रीमाला नंबरात रस नव्हता. तिला माणूस हवा होता. त्या खोट्या रिटर्नची प्रत मागता येते असं तिला कुठूनसं कळलं, तिनं अर्ज केला, आणि ऑगस्टमध्ये जाड पाकीट आलं. ते तिनं माझ्या टेबलावरच फोडलं. बराचसा मजकूर काळ्या पट्ट्यांखाली झाकलेला होता. बर्ल जिवंत दाखवला होता. त्याच्या नावापुढे सही होती, फेब्रुवारीची, म्हणजे त्याला पुरून तीन महिने झाल्यावरची. आणि पगार दाखवला होता, त्यातून कापलेला कर परत मागायला. कुठला, तर ज्या खाणीत त्याची फुफ्फुसं गेली तिचाच. ती खाण बंद पडून बारा वर्षं झालेली.

ड्रीमानं ते पान माझ्याकडे सरकवलं. मग तिचा आवाज इतका खाली गेला की मला वाकावं लागलं.

"मेल्यावर त्याला परत खाणीत उतरवलं," ती म्हणाली. "बारा वर्षं मी त्या माणसाला उताणं झोपताना पाहिलं नाही. बसून झोपायचा. आणि यानं त्याला परत खाली पाठवला, एका रिफंडसाठी."

"कुणी पाठवला ते कुठे माहीत आहे?"

"या खाणीचा मालक-नंबर बघ, पगाराच्या कागदावर असतो तो. तो कुणाकडे असेल? बारा वर्षांपूर्वीचे आमचे कागद कुणाकडे असतील?"

नाव तिनं घेतलं नाही. मीही घेतलं नाही. मला ते खरं वाटत नव्हतं.

पुढचे तीन आठवडे ती सकाळच्या फेरीनंतर घरोघर गेली. बसच्या रस्त्यावरचं प्रत्येक घर तिला माहीत होतं, कुठल्या घळीत कोण एकटं राहतं तेही. असं आणखी कुणाचं झालंय का, एवढंच ती विचारायची. आठ जण सापडले. एकाला खात्याकडून विचारणा आली होती की एवढा पगार तुम्ही कुठून मिळवलात. तो बिचारा सात वर्षं पलंगावर होता. आठही जणांचे कागद एके काळी टॅलमेजकडे होते. आठही जण आता फक्त पेन्शनवर जगत होते, म्हणून रिटर्न भरत नव्हते. जो स्वतः भरत नाही त्याच्या नावानं दुसऱ्यानं भरलं तर कळणार कसं? ड्रीमाच्या बाबतीत तो चुकला तो इथे. बर्ल गेल्यावर दुःखात तिचं भरायचं राहून जाईल असं त्यानं धरलं असणार.

ती शेरीफच्या कचेरीत गेली. तिथला डेप्युटी तिच्याच बसमधून शाळेला गेलेला.

"ड्रीमाकाकू, टॅलमेजभाऊ माझ्या आईच्या दफनाला गायले होते," तो म्हणाला.

"सगळ्यांच्याच दफनाला गायलाय तो. म्हणून तर त्याला कळतं कोण मेलं."

"पुरावा काय आहे?"

"खाणीचा नंबर."

"तो कुणाकडेही असू शकतो. आणि असलं केंद्र सरकारचं काम आमच्याकडे येतही नाही."

हे टॅलमेजच्या कानावर गेलं नाही, हे त्या डेप्युटीचे उपकार. पण चोरी झाल्याचं गावाला ठाऊक होतं, म्हणून सप्टेंबरात एका रविवारी टॅलमेज आणि त्याची बायको नेल्डा सफरचंदाचा थराथरांचा केक घेऊन ड्रीमाकडे आले. मी तिथेच होते, कुंपण रंगवायला मदत करत होते. टॅलमेज उंच माणूस, पांढरेशुभ्र केस, हात मऊ.

"ड्रीमाताई, काय दिवस आलेत बघा," तो बर्लच्या खुर्चीत बसत म्हणाला. "हे चोर कुठल्या कुठल्या देशांत बसलेले असतात. आपल्यासारख्या साध्या माणसांना लुटतात. माझ्याकडे आला असतात तर मी तेव्हाच लक्ष ठेवलं असतं."

"चुकलंच माझं," ड्रीमा म्हणाली. "केक छान झालाय, नेल्डा."

तिनं एक तुकडा खाल्ला. दुसराही खाल्ला. त्यांची गाडी ओढ्यापलीकडे गेल्यावर ती परसात गेली आणि सगळं ओकून टाकलं. तोंड पुसत परत आली.

"बर्लच्या खुर्चीत बसला," ती म्हणाली. "पाहिलंस?"

त्या दिवशी मलाही ते खरं वाटायला लागलं.

पत्रातली ती शेवटची ओळ तिनं परत वाचली ती या केकनंतर. कुणीही नंबर मागू शकतो. म्हणजे खोऱ्यातल्या म्हाताऱ्यांना, ज्यांचे कागद टॅलमेजकडे आहेत त्या सगळ्यांना तो नंबर मिळाला, तर जानेवारीत त्याची दुकानदारी बंद. मी म्हटलं, झालं तर मग, काम फत्ते.

"बंद होऊन काय फायदा?" ती म्हणाली. "बंद झाली तर तो घरी बसेल. मला तो घरी नकोय."

तिचं म्हणणं असं होतं: रिटर्नं परत आली की टॅलमेजला कळेल की प्रत्येकाला सहा आकडी नंबर लागतो. मग तो काय करेल? फोन करेल. म्हाताऱ्या बायकांना कुणी गोड बोलून काही विचारलं की त्या सांगतात. तर सांगू देत. मात्र खरा नंबर नव्हे. प्रत्येकीनं वेगळा खोटा नंबर सांगायचा, आणि कुणी कुठला सांगायचा ती यादी आधीच खात्याच्या तपास विभागाकडे असेल. तो खोटा नंबर लिहिलेलं रिटर्न ज्या संगणकावरून येईल, तिथे चोर बसलेला असेल.

"आणि म्हाताऱ्यांच्या लक्षात कसा राहणार खोटा नंबर?" मी विचारलं.

यावर तिनं दोन दिवस विचार केला. मग बस चालवता चालवताच तिला सुचलं असं ती म्हणते. सहा आकडे: महिना, दिवस, साल. जोडीदार गेला ती तारीख. ती कुणी विसरत नाही.

"आणि त्यातल्या प्रत्येकाच्या दफनाला तो तिथे उभा होता," ती म्हणाली. "टोपी छातीशी धरून. बघूया ओळखतो का."

ऑक्टोबरभर आम्ही ते काम केलं. ड्रीमा धरून एकूण एकोणीस जण, सतरा विधवा आणि दोन विधुर. काहींना तिनं वाचनालयात आणलं, कारण ऑनलाइन करायचं तर लायसन्सचा आणि चेहऱ्याचा फोटो काढून पाठवावा लागतो. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या ओसीमावशी व्हान्सनी फोनकडे बघून दात काढून दाखवले, मग दात काढून हातातच घेतले.

"मावशी, दात तोंडात ठेवा, लायसन्सवर दात आहेत," ड्रीमा ओरडली.

"सरकारला माझ्या दातांशी काय करायचंय?"

"सरकारला तुम्ही तुम्हीच आहात एवढंच बघायचंय."

"मी नाही तर दुसरं कोण असणार, असल्या तोंडाची?"

ज्यांना हे जमेना त्यांच्यासाठी एक पानी अर्ज होता. तो पोस्टानं जायचा, मग खात्यातून फोन यायचा, चार प्रश्न विचारायचे आणि नंबर घरपोच यायचा. ड्रीमानं प्रत्येकीला बजावलं: खात्यानं दिलेला नंबर फक्त तुमचा आणि तुमचं रिटर्न खरोखर भरणाऱ्याचा. खातं तो फोनवर कधीच विचारत नाही. पत्र आलं की लपवा. कुणी बायबलमध्ये ठेवलं, कुणी फ्रीझरमध्ये मटाराच्या पिशवीखाली. फोनशेजारी एक कार्ड ठेवायचं, त्यावर फक्त ती तारीख. टॅलमेजचं नाव तिनं कुणालाच सांगितलं नाही. "चोर फोन करेल," एवढंच.

नोव्हेंबरात तिनं यादी रजिस्टर पोस्टानं तपास विभागाला पाठवली. एकोणीस नावं, एकोणीस खोटे नंबर, सोबत दोन पानांचं पत्र. ते मी टाइप केलं. शेवटचं वाक्य मी सौम्य करून बघितलं, तर तिनं मला खोडायला लावलं. ते असं होतं: "हा माणूस तुम्हाला सापडला नाही तरी मला सापडलेला आहे."

जानेवारीच्या शेवटी रिटर्नं घ्यायला सुरुवात झाली. त्यानंतर चौथ्या दिवशी, सकाळी साडेदहाला, ड्रीमा ओसीमावशींच्या स्वयंपाकघरात बीन्स आणि मक्याची भाकरी खात बसली होती. मीही होते, मावशींची पुस्तकं बदलून द्यायला गेले होते. फोन वाजला. मावशींना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांच्या फोनचा आवाज घरभर ऐकू येतो.

"नमस्कार, मी पेन्शन कचेरीतून बोलतोय," पलीकडून आवाज आला. घसा आवळून काढलेला, बारीक. "तुम्हाला एक पत्र आलं असेल. सहा आकडी नंबर आहे त्यात. तो आम्हाला लागणार आहे, नाहीतर तुमची पेन्शन थांबेल."

ड्रीमानं चमचा खाली ठेवला.

"थांब हं बाळा," मावशी म्हणाल्या. "चष्मा शोधते."

त्यांनी चष्मा शोधला नाही. तो नाकावरच होता. त्या शांतपणे बसून भाकरी खात राहिल्या. दोन-तीनदा "सापडत नाही रे" असं म्हणाल्या. एकदा त्याला विचारलं, तिकडे बर्फ आहे का. अकरा मिनिटं त्यांनी त्याला ताटकळत ठेवलं. शेवटी तो कंटाळला आणि गळ्यावरची पकड सुटली.

"ओसीमावशी, जरा लवकर बघा ना," तो म्हणाला. अगदी खर्जात.

पेन्शन कचेरीतला कोण माणूस त्यांना मावशी म्हणेल? ओसीमावशींनी ड्रीमाकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांतला खोडकरपणा गेला. आवाज त्यांनीही ओळखला होता. नवरा हार्लेस गेला तेव्हा त्याच आवाजावर त्या रडल्या होत्या.

"सापडला," त्या म्हणाल्या. कार्ड त्यांनी बघितलंच नाही. "लिहून घे. शून्य सहा. शून्य चार. नऊ आठ."

"शून्य सहा, शून्य चार, नऊ आठ," त्यानं परत म्हटलं, एकेक आकडा सावकाश. मग आभार मानून फोन ठेवला.

मावशींनी फोनशेजारचं कार्ड उलटं ठेवलं. मग म्हणाल्या, "माझ्या हार्लेसला त्यानं कवितेसारखं वाचलं गं. आणि कळलंच नाही त्याला."

चार दिवसांत त्यानं एकोणीसही घरी फोन केले. दोघींनी गोंधळून पत्रच आलं नाही असं सांगितलं. सोळा जणांनी तारखा दिल्या. राहिली एक, व्हर्डी ब्लँकनशिप. ती घाबरली आणि मटाराच्या पिशवीखालचं खरं पत्र काढून खरा नंबर वाचून दाखवला. दोन आठवड्यांत तिच्या नावाचा रिफंड कुणीतरी उचलला.

व्हर्डी स्वतः चालत वाचनालयात आली, सांगायला. ड्रीमा तिला जे बोलली ते मी इथे लिहिणार नाही. आवाज अगदी खाली होता. ब्याऐंशी वर्षांची बाई कोट न घालताच बाहेर गेली आणि पायऱ्यांवर बसून रडली. मी ड्रीमाला म्हटलं, "तुम्हाला हे माणसं वाचवायला करायचं होतं की त्याला मारायला?"

"त्याला मारायला," ती म्हणाली. "वाचवायचं तू बघ."

मार्चमध्ये तपास विभागाची एक बाई आली, प्रुइट नावाची. काळा कोट, पायात चिखल झालेले चांगले बूट. तिच्या हातात ड्रीमाचं पत्र होतं, समासात खुणा केलेलं. तिनं आधी ड्रीमाला झापलं: हे उद्योग स्वतःच्या अंगावर घ्यायचे नसतात, म्हाताऱ्या माणसांना आमिषासारखं वापरायचं नसतं. मग प्रुइटबाईंनी सांगितलं की सोळाही खोटे नंबर एकाच संगणकावरून आले, एका दुपारी, तीन तासांत.

"आणि व्हर्डीचा?" ड्रीमानं विचारलं.

"तोच खरं तर कामाला आला. बाकीच्यांत नुसता प्रयत्न होता. तिच्या रिफंडमुळे बँकेतलं खातं सापडलं. खातं त्याच्या मेलेल्या भावाच्या नावावर आहे."

त्याच संध्याकाळी ड्रीमा व्हर्डीकडे गेली. दारात उभी राहून म्हणाली, "मी जे बोलले ते चुकीचं होतं. पकडला तो तुमच्यामुळे." व्हर्डीनं तिला आत घेतलं की नाही मला माहीत नाही. पण पुढच्या आठवड्यात ड्रीमानं तिचं छत दुरुस्त करून दिलं, स्वतः शिडीवर चढून.

जूनमध्ये टॅलमेजला पकडलं. चपलांच्या दुकानातून खोक्यांवर खोकी बाहेर आली, पंचवीस वर्षांचे आमचे कागद. चर्चमध्ये त्या रविवारी कुणीही भजन सुरू करेना. लोकांना आपल्याच दफनांची लाज वाटत होती, असं मला वाटलं. काहींना ड्रीमाचा राग आला. चोरी फार दूरच्या माणसानं केली असती तर ते सगळ्यांना सोयीचं होतं.

त्यानं गुन्हा कबूल केला. शिक्षा ठरायची होती तेव्हा आमचे पाद्री ड्रीमाकडे आले. सौम्य शिक्षा व्हावी म्हणून गावातले काही जण न्यायाधीशांना पत्र देणार होते. तिची सही असली तर वजन पडेल, ते म्हणाले.

"क्षमेनं तुमचंच मन हलकं होईल, ड्रीमा."

"क्षमा करायचं खातं तुमच्याकडे आहे, पाद्रीबाबा. माझ्याकडे नुसतं बसचं लायसन्स आहे."

"तो रडतोय रोज."

"रडू दे. त्याचा आवाज चांगला आहे."

पाद्री उठून गेले. त्यानंतर ती आमच्या चर्चमध्ये आली नाही. डोंगरापलीकडच्या लहान चर्चमध्ये जाते. तिथे पेटी नाही आणि गाणारं कुणी धड नाही, हेच तिला आवडतं.

शिक्षेच्या दिवशी आम्ही बारा जण शहरातल्या न्यायालयात गेलो, शाळेची जुनी बस भाड्यानं घेऊन. चालवायला अर्थातच ड्रीमा. ज्यांचं नुकसान झालं त्यांना बोलायची परवानगी असते. ती उठली तेव्हा तिच्या हातात एकच कागद होता. टॅलमेज वकिलाशेजारी बसला होता. केस अजून पांढरेशुभ्र, पण कापलेले.

"मी फक्त नंबर वाचणार आहे," ती म्हणाली. "यानं जे भरले ते. शून्य सहा, शून्य चार, नऊ आठ."

मागच्या बाकावर ओसीमावशी उभ्या राहिल्या. कुणी सांगितलं नव्हतं.

"एक एक, शून्य नऊ, दोन एक." हा बर्लचा. तो नंबर टॅलमेजनं तिच्याकडूनच घेतला होता, तिच्याच फोनवर, त्या बारीक आवाजात, आणि तिनं तो शांतपणे दिला होता, एकेक आकडा.

तिसऱ्या, चौथ्या नंबराला आणखी बायका उठल्या. टॅलमेज कपाळाला आठ्या घालून ऐकत होता, जणू यात काही हिशेब लागत नाही. सातव्या की आठव्या नंबराला त्यानं मान वळवून मागे पाहिलं. कोण कुठल्या नंबराला उठतंय ते त्यानं बघितलं. मग त्याला कळलं. मी त्याचा चेहरा बघत होते. त्यानं मान खाली घातली.

"वर बघ," ड्रीमा म्हणाली.

"बाई, तुम्ही न्यायालयाशी बोला, आरोपीशी नाही," न्यायाधीश म्हणाले.

"हो, साहेब. साहेब, या सगळ्या तारखा आहेत. माणसं ज्या दिवशी गेली त्या. हा त्यांच्या प्रत्येकाच्या दफनाला गायलाय. त्यातली एक जरी त्यानं ओळखली असती तर तो थांबला असता, आणि मग मला काही करता आलं नसतं. मी त्याला सोळा वेळा संधी दिली." तिनं कागद परत वर धरला. "अजून आठ राहिलेत. वाचते."

आणि तिनं आठही वाचले, अजिबात घाई न करता. त्याला एकावन्न महिन्यांची शिक्षा झाली.

परत येताना घाटाच्या वर गाडी थांबवून आम्ही पेपरोनी रोल, म्हणजे मांस भरलेले पाव, खाल्ले. मी ड्रीमाशेजारी पायरीवर बसले होते.

"हलकं वाटतंय?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "हलकं कशाला वाटायला हवं? बरं वाटतंय."

नेल्डा हॅगर अजून त्याच घरात राहते. तिला खरंच काही माहीत नव्हतं असं प्रुइटबाईंनीही सांगितलं. ती एकदा ड्रीमाच्या अंगणात येऊन उभी राहिली होती. ड्रीमानं पडदा ओढला. मला ते आवडलं नाही, मी तसं तिला सांगितलं, आणि ती म्हणाली की तिलाही आवडलं नाही, पण पडदा ती परत उघडणार नाही.

आता दर जानेवारीत खोऱ्यातल्या शंभरावर माणसांकडे ते पत्र येतं. ते लपवायच्या जागा दर वर्षी बदलतात आणि निम्म्या जणांना सापडत नाहीत, मग माझ्याकडे रांग लागते.

टॅलमेज पुढच्या वसंतात सुटेल. चांगल्या वागणुकीचे काही महिने कमी झालेत. ड्रीमाला यंदा निवृत्त व्हायचं होतं, गुडघे गेलेत तिचे. तिनं शाळेला अर्ज देऊन आणखी दोन वर्षं मागून घेतली आणि त्यांनी दिली, कारण तो रस्ता दुसरं कुणी चालवायला तयार नाही. कारण विचारलं तर म्हणते, घरी बसून काय करू. मला मात्र तिनं खरं सांगितलं. बस हॅगरांच्या दारावरून सकाळी सहा चाळीसला जाते. तिथे एक अवघड वळण आहे. तिथे गाडी अगदी हळू करावी लागते, चालवणारीचा चेहरा दारातून दिसेल इतकी.